शाळेचं सेवा मंडळ: संस्था निवडण्यापासून पोच हातात पडेपर्यंत

जूनच्या मध्यात शाळा उघडते, आठवी-नववीची तीसेक मुलं सेवा मंडळात नावं देतात आणि पहिल्या दोन बैठका मंडळाला नाव काय द्यायचं यातच जातात. सोलापुरात ही गाडी बहुधा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपाशी येऊन थांबते. नाव चांगलंच आहे. १९१० साली इथे जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले.

घोटाळा तिसऱ्या बैठकीत होतो. कुणीतरी म्हणतं, "जुने कपडे गोळा करू या." महिन्याभरात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात दहा-बारा पोती साठतात. त्यात चेन तुटलेली दप्तरं, एका पायाचा बूट आणि लग्नातले टोचणारे जरीचे फ्रॉक निघतात. मग ती पोती घेईल अशी संस्था शोधायला बाई फोन फिरवत बसतात. क्रम उलटा हवा. आधी संस्था ठरवायची, तिच्याकडून यादी घ्यायची, आणि मगच वर्गावर्गांत सूचना फिरवायची. यादीत नाही ते गोळा करायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

तीनच संस्था, वर्षभर

तीस मुलांचं मंडळ आणि एक-दोन शिक्षक असतील तर वर्षाला तीन संस्था पुरे. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दर महिन्याला गेलेलं बरं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत संस्थेचे लोक "सगळं छान आहे, तुम्ही द्याल ते चालेल" एवढंच बोलतात. चौथ्या भेटीत सांगतात, की बिस्किटांचे पुडे कपाटभर पडलेत आणि फरशी पुसायचं फिनेल दोन महिने नाही.

तीन संस्था तीन प्रकारच्या घ्या. एक जिथे वस्तू लागतात, म्हणजे वृद्धाश्रम किंवा बालगृह. एक जिथे वेळ लागतो, उदाहरणार्थ अंध मुलांची शाळा. आणि एक जिथे तुम्ही थेट न जाता एखाद्या कार्यालयामार्फत मदत पोचवता, जसं सिव्हिल हॉस्पिटल. शाळेपासून सिटी बसनं किंवा रिक्षानं अर्ध्या तासात पोचता येईल अशीच ठिकाणं धरा. पंढरपूरला एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'पालवी' आहे, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. दोन्ही कामं मोठी, पण दोन्ही गावं शहरापासून साधारण सत्तर किलोमीटरवर. तिथे वर्षातून एकदा मोठ्यांनी जाऊन यादीप्रमाणे सामान द्यावं. मुलांची दर महिन्याची फेरी तिथे जमत नाही.

नोंदणी बघायची ती अशी

संस्थेचं काम बघून भारावून जाण्याआधी तिच्या पावतीपुस्तकावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. क्रमांकाच्या आधी अक्षर असतं: धर्मादाय न्यासाला 'ई', सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेला 'एफ', आणि पुढे जिल्ह्याचं नाव. हा क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर टाकून शोधता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, नववीतली मुलं सहज करतात. नाव, पत्ता आणि विश्वस्त पावतीवरच्या माहितीशी जुळतात का एवढंच बघायचं.

मुलांना ठेवून घेणारी संस्था असेल तर आणखी एक कागद लागतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा संस्थेची स्वतंत्र नोंदणी असावीच लागते, आणि तिथली मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशानं आलेली असतात. अधीक्षकांना सरळ विचारावं, "बाल न्याय कायद्याखालची नोंदणी आहे ना?" ज्यांच्याकडे आहे ते प्रमाणपत्र काढून दाखवतात, रागावत नाहीत. जिथे उत्तर गोलमाल येतं, किंवा "पैसे माझ्या नंबरवर टाका, पावती नंतर देतो" असं ऐकू येतं, तिथून चहा पिऊन परत यावं. रस्त्यात एकटं, हरवलेलं मूल दिसलं तर ते कुठल्याही संस्थेत परस्पर नेऊन सोडू नका. १०९८ वर फोन करा.

पहिली भेट: विचारायचं काय

पहिल्या भेटीला एक शिक्षक आणि दोनच मुलं जावीत, हातात वही असावी, मिठाई नसावी. फोन करून वेळ घ्या. सकाळी नाष्ट्याची आणि दुपारी जेवणाची गडबड असते, म्हणून अकरा ते साडेबारा किंवा चारनंतरची वेळ बरी. "तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न तिथे उपयोगाचा नाही, त्याला संकोचाचं उत्तर येतं. त्याऐवजी असे प्रश्न विचारावेत:

किती जण राहतात, त्यात अंथरुणाला खिळलेले किती?
महिन्याला ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल किती लागतं आणि त्यातलं विकत किती घ्यावं लागतं?
मागच्या तीन महिन्यांत कोणती वस्तू संपली होती?
कोणती वस्तू आता नकोच आहे?
सामान ठेवायला जागा किती? उंदीर आहेत का?
सामान उतरवून घेणारं कोण आणि पोच कोण देणार?

चौथा प्रश्न सर्वांत कामाचा. "नको काय" हे सांगायला लोकांना संकोच वाटत नाही, आणि त्यातून "हवं काय" आपोआप कळतं. दिवाळीत फराळाचे डबे उतू जातात, पंधरा ऑगस्टला बिस्किटं येतात, आणि पितृपक्षात एकेका दिवशी तीन-तीन ठिकाणचं जेवण येऊन पडतं. मंडळानं आपला वार या गर्दीत लावू नये. जुलै, फेब्रुवारी आणि मे हे महिने दात्यांच्या दृष्टीनं कोरडे. तुमचं सामान तेव्हा पोचलं तर ते वापरलं जातं.

ज्वारी

सोलापुरात धान्य द्यायचं म्हटलं की ज्वारी. हिशोब असा करा. एक किलो पिठाच्या मध्यम आकाराच्या दहा ते बारा भाकरी होतात. तीस जणांच्या संस्थेत माणशी दोन भाकरी धरल्या तर एका वेळेला साठ, म्हणजे पाच-सहा किलो पीठ. दोन वेळा भाकरी होत असेल तर रोजचे दहा-बारा किलो. म्हणजे शंभर किलोचं दान आठ-दहा दिवसांत संपतं. हा आकडा मुलांना फळ्यावर मांडून दाखवा. "आपण दोन पोती दिली" याचा अर्थ काय ते त्यांना मग कळतं.

नवी रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा गोळा करावी. मालदांडी असली तर उत्तमच. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी भागात ज्यांची शेती आहे त्या पालकांना मार्चमध्येच विचारा. ऑगस्टमध्ये विचारलं तर घरातलं उरलेलं मिळतं.

"प्रत्येकानं मूठभर धान्य आणा" ही कल्पना ऐकायला गोड आहे, पण त्यात जुनी आणि नवी, पांढरी आणि पिवळसर, सोंडे लागलेली आणि स्वच्छ अशी सगळी ज्वारी एका पोत्यात मिसळते. मग एका घरच्या किडीनं सगळं पोतं जातं. दुसरं, अशा पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसते. भाकरी थापताना कडा फाटते, उलटताना मोडते, आणि स्वयंपाकाच्या मावशी ती ज्वारी बाजूला सारून ठेवतात. म्हणून पालकांकडून मूठभर न घेता घरटी पूर्ण पाच किलो घ्यावी, पिशवीवर नाव आणि महिना लिहून. सात-आठ घरं एकत्र येऊन एक गोणी विकत घेत असतील तर सगळ्यांत सोपं.

पीठ कधीच देऊ नका. आठ-पंधरा दिवसांत विरी जाते, आणि मे महिन्यात तर त्याहून लवकर वास येतो. धान्यच द्या. दळणाचे पैसे वेगळे द्यायचे असतील तर संस्थेजवळच्या गिरणीत तिच्या नावावर आगाऊ भरून चिठ्ठी घ्या. ही मदत कुणालाच सुचत नाही, आणि लागते सगळ्यांना.

शाळेत गोणी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची वेळ आली तर ती लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. भिंतीला टेकलेली गोणी त्या बाजूनं ओल धरते. गोण्या संस्थेत नेताना छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, ठरवावा. रिक्षात पन्नास किलोची गोणी चढवताना तळ उसवला की रस्ताभर ज्वारी होते.

चादर कुठे नको, कुठे हवी

इथल्या माणसाला दान म्हटलं की चादर आठवते. पण वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेले लोक असतील तर जाड सोलापुरी चादर त्यांच्या कामाची नाही. ओली झाली की तिचं वजन दुपटीनं वाढतं, ती पिळायला दोन माणसं लागतात, आणि पावसाळ्यात वाळायला दोन दिवस जातात. अशा ठिकाणी पातळ सुती पलंगपोस हवेत, गडद रंगाचे, एका खाटेमागे किमान चार: एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दोरीवर, एक कपाटात. टॉवेलचंही तेच. मोठ्या टर्किश टॉवेलपेक्षा नॅपकिन जास्त लागतात, कारण अंग पुसून काढायला तेच बरे पडतात.

हीच जाड चादर सिव्हिलमध्ये सोन्यासारखी. तिथे जिल्ह्यातून, धाराशिव-लातूरकडून आणि कर्नाटकातल्या विजयपूर-कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात. रात्री-अपरात्री अपघात झाला की नातेवाईक अंगावरच्या कपड्यांनिशी धावत येतात आणि पुढचे आठ दिवस फरशीवर झोपतात. त्यांच्यासाठी एक पिशवी तयार करता येते: एक जुनी पण धुतलेली चादर, स्टीलचं ताट, वाटी, पेला, अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, टूथपेस्ट, दोन ब्रश, कंगवा, एक पंचा. ब्लेड, काडेपेटी, मेणबत्ती घालू नका. खाण्याचंही काही नको, रुग्णाला चालत नसलेलं त्याच्या तोंडी लागायचं. मुलांनी वॉर्डात जायचं नाही. पिशव्या शिक्षकांनी वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांच्या कार्यालयात द्यायच्या. खरी गरज कुणाला ते त्यांना माहीत असतं. वीस पिशव्यांपासून सुरुवात करा आणि दहा दिवसांनी किती गेल्या ते विचारा. पिशवीत मराठीबरोबर कन्नडमध्ये लिहिलेली एक चिठ्ठीही टाका: पिण्याचं पाणी, औषधाची खिडकी, अन्नछत्र कुठे आहे. चिठ्ठीतला मजकूर त्या कार्यालयाकडून तपासून घ्या, कारण खिडक्या बदलतात.

खिळलेल्या वृद्धांसाठी आणखी एक वस्तू आहे जी कुणी देत नाही, कारण ती दुकानात मागायला लाज वाटते: मोठ्यांचे डायपर. एका माणसाला दिवसाला दोन ते तीन लागतात. दहा जण असतील तर महिन्याचे सहाशे ते नऊशे. एवढा खर्च मंडळाला झेपणार नाही, पण "दर महिन्याला दहा पाकिटं आमच्याकडून" एवढं ठरवता येतं. आकार कमरेच्या मापावर असतो. संस्थेकडून मीडियम किती, लार्ज किती ते लिहून घ्या. छोटा आणला तर कडा काचून जखम होते, मोठा आणला तर गळतो.

कपडे द्यायचेच झाले तर वर्गात तीन टेबलं मांडा. पहिल्यावर आजच घालून बाहेर जाता येईल असे. दुसऱ्यावर बटण, हूक, चेन यांपैकी एकच गोष्ट दुरुस्त करायची आहे असे. तिसऱ्यावर बाकी सगळे, त्यांची फडकी करायची किंवा ते परत द्यायचे. आतले कपडे जुने घ्यायचे नाहीत, नवेच द्यायचे. शंका आली तर मुलांना एकच कसोटी सांगा: हा शर्ट तू उद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला घालशील का?

कोऱ्या पानांच्या वह्या

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की प्रत्येक घरात अर्धवट वह्या पडून असतात. त्यांतून नवी वही शिवता येते. हे काम मुलं आवडीनं करतात, आणि खर्च जवळजवळ नाहीच.

वहीच्या मधल्या पिना चिमट्यानं सरळ करून काढा. आता पानं जोडपानांच्या रूपात सुटी होतात. ज्या जोडपानाच्या चारही बाजू कोऱ्या आहेत तेवढीच घ्यायची. एका बाजूला गणित आणि दुसरी बाजू कोरी, असली पानं वेगळी ठेवा, ती कच्च्या कामाला जातात. एका प्रकारच्या रेघा एकत्र करा: एकेरी, दुरेघी, चौकटी, इंग्रजीच्या चार रेघा. मिसळ झाली की वही कुठल्याच विषयाला चालत नाही. चोवीस जोडपानं म्हणजे शहाण्णव पानी वही. त्याहून जास्त घेतली तर मध्ये फुगते आणि मिटत नाही.

गठ्ठा नीट ठोकून मधोमध घडी घाला, बाहेरून जुन्या कॅलेंडरचं जाड पान लावा, कोरी बाजू वर. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा: एक बरोबर मध्यात, बाकी दोन मध्यापासून दोन्हीकडे साडेसात-आठ सेंटिमीटरवर. दोरा यंत्रमागाचं सूत घ्या. सोलापुरात त्याचा तुटवडा नाही, कुठल्या ना कुठल्या मुलाच्या घरी मिळतंच. चार पदर करून त्यावर मेण फिरवा, नाही तर भोकात पदर सुटतात. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घाला, आतल्या आत खाली नेऊन खालच्या भोकातून बाहेर काढा, आणि परत मधल्या भोकातून आत आणा. आता दोन्ही टोकं आतमध्ये, मधल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना असली पाहिजेत. त्या दोऱ्यावरूनच गाठ मारा. टोकं एकाच बाजूला आली तर गाठ ढिली बसते आणि महिन्याभरात वही सुटते. स्टेपलरची पिन इतक्या जाडीत पुरत नाही, अर्धवट घुसते आणि लहान मुलांच्या बोटांना लागते.

अशा वह्या विडी कामगारांच्या वस्त्यांतल्या आणि पूर्व भागातल्या शाळांत जूनमध्ये शाळा उघडताच लागतात, जुलैत नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. मुखपृष्ठावर मराठीत सुविचार छापून ठेवला तर या मुलांना वही परकी वाटते. नाव-इयत्तेची जागा कोरी सोडा, तेवढं पुरे. आणि वाटायला जाल तेव्हा ज्याच्या घरी तेलुगू बोलतात त्या मुलाला पुढे ठेवा, सगळं बोलणं सोपं होतं.

वेळ द्यायचा असेल तर: लेखनिक

शाळकरी मुलांना देता येईल अशी सगळ्यांत मोलाची मदत पैशाची नाहीच. अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक लागतो, आणि लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. दहावीच्या परीक्षार्थीला नववीतलं मूल चालतं. म्हणजे तुमचं मंडळ. कॉलेजच्या मुलांना ही जागा घेता येत नाही.

फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. डिसेंबरपर्यंत जोड्या ठरवा, कारण लेखनिकाची परवानगी त्या विद्यार्थ्याच्या शाळेमार्फत घ्यावी लागते. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं आणि कागद पोचायला वेळ लागतो. परीक्षेआधी निदान दोन पूर्ण सराव पेपर एकत्र लिहा, घड्याळ लावून. अशा परीक्षार्थीला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचा पेपर म्हणजे चार तास बसणं. लेखनिकाची पाठ आणि बोटं दोन्ही तयार हवीत.

चुका कुठे होतात त्या सांगायला हव्यात. हुशार लेखनिक उत्तर सुधारतो. समोरचा "आम्लारी" म्हणाला असेल आणि उत्तर चुकलेलं असेल, तरी तेच लिहायचं. लिहिणाऱ्याला त्यात वाईट वाटतं, पण हात थांबवायचा. प्रश्न दोनदा वाचा, गुणांसकट. पर्याय वाचताना आवाजाची पट्टी एकच ठेवा, बरोबर उत्तरावर नकळत जोर येतो. "पुढे?" असं दर वाक्याला विचारू नका, समोरच्याचा विचार तुटतो. शेवटचं वाक्य हळू वाचून दाखवा, तो आपोआप पुढचं सांगतो. विरामचिन्हं तो सांगेल तशी द्या, आणि सांगत नसेल तर पेपरच्या आधीच ठरवून घ्या. अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, सुटं आणि वाचता येणारं हवं. स्वतःचीही परीक्षा जवळ असलेल्या मुलाला एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त पेपर देऊ नका.

पाठ्यपुस्तकांचं ध्वनिमुद्रण हे त्याच्या खालोखालचं काम. एका फाइलमध्ये एकच धडा, दहा-पंधरा मिनिटांचा. सुरुवातीला विषय, धडा आणि पान क्रमांक बोलायचा, पान उलटलं की नवा क्रमांक बोलायचा. चित्र आलं तर "इथे चित्र आहे" म्हणून पुढे पळायचं नाही, दोन वाक्यांत ते सांगायचं. पंखा बंद ठेवा, आणि रस्त्याच्या बाजूची खोली टाळा.

पैसे

शक्य तितके हाताळू नयेत. रस्त्यावर किंवा दुकानोदुकानी डबा घेऊन सार्वजनिक वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं दर वर्षी घेतात तीच. शाळेच्या मंडळानं त्या भानगडीत पडण्याचं कारण नाही. पालकाला पैसेच द्यायचे असतील तर संस्थेचा क्यूआर कोड किंवा खाते क्रमांक द्या आणि पावती परस्पर त्याच्या नावावर येऊ द्या. बाईंच्या फोनवर पैसे जमा करून पुढे पाठवणं हे सगळ्यांत जास्त भांडणं लावणारं तंत्र आहे. चारशे रुपयांचा मेळ लागत नाही आणि वर्षभराचं काम त्यात झाकोळतं.

पालक आयकर सवलतीबद्दल विचारतात. संस्थेला ८०जी मान्यता असेल तर सवलत मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर मिळत नाही, आणि धान्य, कपडे, सामान दिल्याबद्दल मुळीच नाही.

शाळेत रद्दी विकून किंवा स्नेहसंमेलनात भेळेचा गाडा लावून आलेली रक्कम मात्र मोजावी लागते. मोजताना एक शिक्षक आणि दोन मुलं, तिघंही एकाच टेबलाशी. नोटा आणि नाणी प्रकारानुसार कागदावर लिहायची: पाचशेच्या किती, शंभरच्या किती, चिल्लर किती. खाली तिघांच्या सह्या, तारीख, वेळ. ती रक्कम त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात. रद्दी विकताना काटा दोनदा बघा, आणि पुठ्ठा वेगळा बांधा, त्याचा भाव वेगळा असतो.

भेटीला जाताना

एका वेळी आठ ते दहा मुलं, दोन मोठी माणसं, पालकांची लेखी संमती. अख्खा वर्ग नेला तर ती सहल होते आणि संस्थेतल्या लोकांना प्रेक्षणीय स्थळ झाल्यासारखं वाटतं.

फोटो हा मुद्दा जाण्याआधी संपवून टाका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे संस्थेतल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, छायाचित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टेटसला टाकलं म्हणून काही वेगळं होत नाही. सगळे फोन फाटकाशीच शिक्षकांकडे द्यायचे. फोटो हवाच असेल तर गोण्यांचा काढा.

बालगृहात "तुझे आई-बाबा कुठे असतात?" हा प्रश्न विचारायचा नाही. "मी पुढच्या रविवारी परत येते" असं नक्की नसताना म्हणायचं नाही. मोठी माणसं असलं बोलणं विसरतात, तिथलं मूल रविवारी दाराशी बसून राहतं. वृद्धाश्रमात उलट अडचण येते, मुलं गप्प बसतात. त्यांना काहीतरी हातात द्या: कॅरम, ऐकून लिहायची भाकरी-चटणीची कृती, वाचून दाखवायला आजचं वर्तमानपत्र. आजोबांच्या कानाला कमी ऐकू येत असेल तर ओरडायचं नाही, समोर बसून सावकाश बोलायचं.

शिजवलेलं अन्न नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळीसच्या वर असतो. बासुंदी, क्रीमचा केक दोन तासांत बिघडायला लागतात, आणि वृद्धांना त्याचा त्रास लगेच होतो. लग्नातलं उरलेलं जेवण तर नकोच. वाढदिवस साजरा करायचा असेल तर त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे संस्थेला द्या, तिथल्याच स्वयंपाकघरात शिरा होऊ द्या.

रक्त

शाळकरी मुलांना रक्त देता येत नाही. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान पंचेचाळीस किलो, हिमोग्लोबिन साडेबारा ही अट आहे. पण पालकांचं शिबिर मंडळाला भरवता येतं. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद असतात, शिबिरं थांबतात आणि रक्तपेढ्या कोरड्या पडतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. म्हणून शिबिर एप्रिलच्या निकालाच्या दिवशी ठेवा, पालक तसेही शाळेत येतात. नोंदणीकृत रक्तपेढीला पंधरा दिवस आधी कळवा आणि त्यांच्याकडूनच विचारून घ्या, की त्या तारखेला किती पिशव्या घेणं त्यांना झेपेल. रक्त जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतं. एकाच दिवशी दोनशे पिशव्या गोळा करून पोस्टर लावण्यात अर्थ नाही. रिकाम्या पोटी कुणी येऊ नये, हे निकालाच्या सूचनेतच छापा.

वही

मंडळाची एकच जाड वही असावी, पाठकोऱ्या पानांची नको. प्रत्येक वेळी तारीख, संस्था, काय दिलं, वजन किंवा नग, कुणी पोचवलं, पोच कुणी दिली आणि पावती क्रमांक. डाव्या पानावर हे, उजव्या पानावर संस्थेनं पुढच्या वेळेसाठी काय सांगितलं ते. "मिडियम डायपर नको, लार्ज हवेत." "शनिवारी मावशी नसतात, सामान उतरवायला कुणी नाही." "मागची ज्वारी चांगली होती, कुणाकडून घेतली?" याही ओळी लिहायच्या.

नववीची मुलं मार्चमध्ये मंडळातून बाहेर पडतात, दहावीत त्यांना वेळ नसतो. म्हणून शाळा सुटायच्या आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जुन्या मुलांनी आठवीतल्या दोघांना तिन्ही संस्थांत घेऊन जावं आणि अधीक्षकांशी ओळख करून द्यावी. वही तिथेच, त्यांच्यासमोर द्यावी. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चार फोन नंबर असावेत: तिन्ही संस्थांचे आणि छोटा हत्तीवाल्याचा.